‘पैसे आले नाई’ म्हणणाऱ्या कास्तकाराची तक्रार कशी हाताळायची

सरकारी योजनेचा हप्ता पडला की दोन-तीन दिवस गावात एकच बोलणं चालतं. “सर्वायले आले, मलेच काऊन नाई आले?” घाटंजी तालुक्यातल्या एका बाजारगावात मी बरीच वर्षं सेवा केंद्र चालवते. लोक त्याला सेतूच म्हणतात. बाजाराच्या दिवशी कास्तकार थैलीतून प्लास्टिकची पिशवी काढतात, तिच्यातून आधार, पासबुक, सातबारा, जुन्या पावत्या असं सगळं टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, “पाय वं पोरी, यातलं काय लागते ते.”

आता आजूबाजूच्या गावांत नवी पोरं-पोरी या कामात येत आहेत. कुणी केंद्र चालवतं, कुणी सीआरपी, म्हणजे गावातल्या बचत गटांना मदत करणारी बाई आहे, कुणी बारावी शिकलेलं म्हणून गावाचे अर्ज लिहून देतं. हे त्यांच्यासाठी. सगळ्यात आधी एवढंच सांगते की पैसा नेमका कुठं अडला हे सापडेपर्यंत अर्जाला हात लावू नका. बँकेतली अडचण तहसीलला लिहून दिली, तर तहसील ती कृषी कार्यालयाला पाठवतं, ते म्हणतात बँकेत जा, आणि तोवर पुढचा हप्ता येऊन जातो. या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची मजुरी बुडते आणि एसटीचं भाडं जातं. शोधायला अर्धा तास लागला तरी चालेल.

कोणते पैसे, हे आधी विचारा

कास्तकार ‘मोदीचे पैसे’ म्हणतो, ‘दोन हजार’ म्हणतो, ‘अनुदान’ म्हणतो. ऐकणाऱ्यानं त्यातून योजना ओळखायची असते. पीएम किसानचे वर्षाला 6,000 रुपये, दर चार महिन्यांनी 2,000. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचेही वर्षाला 6,000, तेही 2,000च्याच हप्त्यानं. रक्कम सारखी असल्यानं कोणता हप्ता आला आणि कोणता राहिला हे घरी कुणालाच सांगता येत नाही. 28 फेब्रुवारी 2024ला यवतमाळच्या सभेतून पीएम किसानचा 16वा हप्ता आणि नमोचा दुसरा-तिसरा असे तीन हप्ते एकत्र सुटले. 5 ऑक्टोबर 2024ला वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीहून पीएम किसानचा 18वा आणि नमोचा 5वा. अशा वेळी एकाला सहा हजार, दुसऱ्याला दोनच, आणि पारावर भांडण. शेजाऱ्याच्या आकड्यावरून काहीच ठरवू नका. त्याचा एखादा मागचा हप्ताही त्याच दिवशी जमा झालेला असू शकतो.

म्हणून पहिलं काम पासबुक भरून आणायला सांगणं. मोबाईलवर मेसेज आला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असं नाही. भरलेलं पासबुक पाहिलं तर बऱ्याच तक्रारी तिथंच मिटतात. पैसे आलेले असतात आणि पोरानं एटीएममधून काढलेले असतात. हे सांगताना मात्र आवाज हळू ठेवा. टेबलाजवळ आणखी चार माणसं उभी असतात आणि घरातली गोष्ट चावडीवर जाऊ नये. मी अशा वेळी फक्त नोंदीवर बोट ठेवते आणि म्हणते, “काकाजी, हे घरी एकदा विचारून घ्या.” ते समजतात.

नमोबद्दल एक लक्षात ठेवा. ज्याचं पीएम किसान सुरू त्यालाच नमो. पीएम किसान अडलं असेल तर नमोची वेगळी तक्रार करण्यात वेळ घालवू नका. आधी पीएम किसान सोडवा.

लाडकी बहीणचे 1,500 ऐवजी 500च येतात ही तक्रार बायका सतत घेऊन येतात. ज्या बाईच्या स्वतःच्या नावावर पीएम किसान आणि नमो दोन्ही येतात, तिला त्या दोन योजनांतून महिन्याला सरासरी हजार रुपये मिळतात, म्हणून लाडकी बहीणमधून फरकाचे 500. ही चूक नाही, नियम आहे. तिला कागदावर गणित मांडून दाखवा. अर्ज करू नका.

तीन ‘यस’

पीएम किसानच्या पोर्टलवर ‘नो युवर स्टेटस’ उघडा. नोंदणी क्रमांक नसेल तर मोबाईल किंवा आधारवरून तो तिथंच सापडतो. खाली तीन गोष्टी दिसतात: जमिनीची नोंद जोडली का, ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालं का, आधार बँकेला जोडलं का. तिन्हींसमोर ‘यस’ हवं. जिथं ‘नो’, तिथं अडचण. मी हे पान छापते आणि त्यावर लाल पेनानं गोल करून माणसाच्या हातात देते, म्हणजे पुढच्या कार्यालयात त्याला समजावून सांगत बसावं लागत नाही.

*ई-केवायसी ‘नो’ असेल* तर ते आपल्याकडेच होतं. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येत असेल तर दोन मिनिटांचं काम. आपल्याकडे खरा त्रास अंगठ्याचा आहे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापूस वेचून बोंडाच्या काट्यांनी बोटं सोलून निघतात, म्हाताऱ्यांच्या तर रेषाच पुसट झालेल्या असतात. मशीनवर अंगठा घेत नाही म्हणून माणसाला परत पाठवू नका. हात साबणानं धुवायला लावा, कोरडे करा, अंगठा नाही घेतला तर बाकीची बोटं एकेक करून बघा. तरी नाही झालं तर पीएम किसानच्या मोबाईल ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी होते, ही सोय जून 2023पासून आहे. चेहऱ्यावर उजेड येईल असं बाहेर ओट्यावर बसवा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. शेतात दिवसभर राबून आलेल्या माणसाला संध्याकाळच्या अंधारात बसवून हे जमत नाही, सकाळी बोलवा.

*जमीन ‘नो’ असेल* तर काम पटवाऱ्याच्या आणि कृषी कार्यालयाच्या मधलं आहे. सरकारनं आता त्यांचं नाव ग्राम महसूल अधिकारी केलंय, पण गावात पटवारीच म्हणतात. सातबारा आणि आठ-अ ताजे काढा. नाव आधारशी अक्षर-अक्षर जुळतं का बघा. पोडांवरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरच्या लोकांचं इथंच अडतं: सातबाऱ्यावर ‘आत्राम’, आधारवर ‘अत्राम’, बापाचं नाव एकीकडे पूर्ण, एकीकडे लाडाचं. कोणता कागद बदलायचा हे ठरवताना बाकीचे कागद पुढ्यात घ्या. मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, बँक पासबुक यांत जे नाव जास्त ठिकाणी आहे ते धरा आणि उरलेला एकच कागद दुरुस्त करा. आधार बदललं की बँकेत बदलावं लागतं, मग गॅसला, मग रेशनला. सातबाऱ्यावरची टंकाची चूक असेल तर ती तहसीलदारांच्या आदेशानं दुरुस्त होते, आधारला हात लावायची गरज नाही.

सामायिक सातबारा असेल तर ज्या भावाचं अडलंय त्याचं नाव आणि हिस्सा आठ-अवर आहे का ते पाहा. आणि शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, काढलाय का विचारा. 15 एप्रिल 2025पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो सक्तीचा आहे. आयडी काढताना जमिनीचा एकच गट नंबर जोडला आणि दुसऱ्या गावच्या शिवारातलं वावर राहून गेलं, असं होतं. सगळे गट आले का, हे त्याच्याकडून तोंडी वदवून घ्या: “मामाजी, नाल्यापल्याडचं वावर कोणाच्या नावानं आहे?”

*आधार-बँक ‘नो’ असेल*, किंवा ‘यस’ असून पैसे सापडत नसतील, तर इथं जरा थांबून काम करा. सगळ्यात जास्त घोळ इथंच असतो.

पैसे भलत्याच खात्यात जातात तेव्हा

कास्तकार पासबुक दाखवतो आणि म्हणतो, “आधार लिंक आहे बाप्पा, बँकेनं सांगतलं.” तो खोटं बोलत नाही. खात्याला आधार क्रमांक जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे त्या खात्यात यावेत म्हणून एनपीसीआयच्या (बँकांमधले पैसे फिरवणाऱ्या संस्थेच्या) यादीत ते खातं लागणं वेगळं. एका आधारला त्या यादीत एका वेळी एकच खातं असतं, आणि शेवटी जे जोडलं ते धरलं जातं.

म्हणून विचारा: मागच्या दोन-तीन वर्षांत आणखी कुठं खातं उघडलं का? पोस्टमननं घरी येऊन अंगठा घेतला होता का? सिम कार्ड घेताना दुकानदारानं काही बँक सुरू करून दिली का? 2024च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे अर्ज भरताना घरोघरी नवी खाती निघाली. ज्या बायकांच्या नावावर शेती आहे, त्यांचे शेतीचे पैसेही मग त्या नव्या खात्यात जायला लागले आणि त्या मात्र जुनंच पासबुक घेऊन बँकेच्या रांगेत उभ्या राहतात. अशा बाईला “पैसे बुडाले नाईत, दुसऱ्या खात्यात पडले” हे सांगितलं की तिच्या चेहऱ्यावरचा ताण लगेच उतरतो. हे काम मला मनापासून आवडतं ते अशाच वेळी.

कोणती बँक लागली आहे ते आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसतं. त्याला आधारला जोडलेला मोबाईल लागतो. बँकेचं नाव आणि खातं चालू की बंद हे कळतं. ते पान छापा. माणसाला जुन्याच बँकेत पैसे हवे असतील तर त्या शाखेत आधार सीडिंगचा फॉर्म भरायचा, त्यावर ‘डीबीटीसाठी’ (म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) हे स्पष्ट लिहायचं आणि पोच घ्यायची. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघायचं. बँकेनं ‘झालं’ म्हटलं तरी पान बदललं का, ते आपण बघायचं.

विदर्भ कोकण ग्रामीण बँकेच्या खातेदारांना एक वेगळी शंका असते. 1 मे 2025ला ती बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिळून गेली. जुनं पासबुक पाहून लोक घाबरतात. पैसे आधारवरून येत असल्यानं नुसत्या नाव बदलण्यानं हप्ता अडत नाही. तरी स्टेटसमध्ये खातं चालू दिसतं का, हे एकदा तपासून द्या आणि नवं पासबुक घ्यायला सांगा.

खातं बरोबर आहे, पैसे जमाही झालेत, पण काढता येत नाहीत, असंही होतं. पीक कर्ज थकलं म्हणून शाखा खातं ‘होल्ड’ करते. अतिवृष्टी किंवा पूर मदतीच्या शासन निर्णयात, या रकमेतून कर्जवसुली करू नये, असं दर वेळी लिहिलेलं असतं. तो शासन निर्णय छापून, त्या ओळीखाली रेघ मारून, शाखा व्यवस्थापकाला अर्जासोबत द्या. तोंडी वाद घालू नका. कर्ज घेतलेल्या माणसाची बँकेत मान आधीच खाली असते, त्याला तिथं मोठ्यानं बोलायला लावणं बरं नाही. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. बँकेत आधी लेखी दिल्याची पोच नसेल तर तिथं तक्रार घेत नाहीत.

ज्याला मिळणारच नाही त्याला

काही माणसं योजनेत बसतच नाहीत आणि त्यांना ते कुणीच सांगत नाही. मागच्या वर्षी आयकर भरलेला, महिना 10,000 किंवा जास्त पेन्शन घेणारा, सरकारी नोकरीतला किंवा निवृत्त (चतुर्थ श्रेणी सोडून), डॉक्टर-वकील-इंजिनिअर म्हणून व्यवसाय करणारा, हे बाहेर. 1 फेब्रुवारी 2019नंतर खरेदीनं जमीन नावावर आली तरी बाहेर. वारसानं आली तर मात्र आत. आणि नवरा, बायको, अल्पवयीन लेकरं मिळून एक कुटुंब, त्यात एकालाच. 2025पासून नवरा-बायको दोघांनाही हप्ता जातो अशा शंकेवरून बऱ्याच घरांचे हप्ते थांबवून पडताळणी लावली गेली. अशा घरात दोघांपैकी एकाचं बंद होणारच. हे स्पष्ट सांगा. दोघांचंही सुरू करून देतो म्हणून पैसे घेणारे लोक फिरत असतात.

वेगळी राहणारी सासू आणि सून यांना मात्र एक कुटुंब समजून बंद झालं असेल तर ते अन्यायाचं आहे. रेशन कार्ड वेगळं, सातबारा वेगळा, तर कागद जोडून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्या. पडताळणीत ते सुटतं.

आयकराच्या नावाखाली चुकीनं अडलेलेही भेटतात. ट्रॅक्टरच्या किंवा दुकानाच्या कर्जासाठी कुणीतरी शून्य कराचं रिटर्न भरून दिलेलं असतं. रिटर्न भरणं आणि कर भरणं यात फरक आहे. कर शून्य असल्याचा कागद जोडून दाद मागा.

अर्ज कसा लिहायचा

एका अर्जात एकच तक्रार. पीएम किसान, पीक विमा आणि आईची पेन्शन एकाच पानावर लिहिली तर ते पान तीन टेबलं फिरतं आणि कुणाचंच होत नाही. मायन्यात वेळ घालवू नका. ‘सविनय सादर करण्यात येते की’ हे नसलं तरी चालतं. तारखा मात्र सगळ्या हव्यात. मी असं लिहिते:

“प्रति, तालुका कृषी अधिकारी. विषय: पीएम किसान नोंदणी क्रमांक … मधील जमिनीची नोंद जोडण्याबाबत. मी मौजे … येथील गट क्र. … क्षेत्र … चा खातेदार आहे. माझा शेवटचा हप्ता … रोजी जमा झाला. त्यानंतर हप्ता आलेला नाही. पोर्टलवर ई-केवायसी व आधार जोडणी पूर्ण आहे, जमिनीची नोंद ‘नो’ दिसते. स्टेटसची प्रत, सातबारा, आठ-अ व आधारची प्रत जोडली आहे. नोंद जोडून राहिलेले हप्ते मिळावेत. अडचण असल्यास लेखी कळवावे.”

शेवटची ओळ काढू नका. लेखी कळवा म्हटलं की कारण कागदावर येतं, आणि कारण कागदावर आलं की पुढं जाता येतं.

दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. शिक्का मारायला कुणी नसेल तर अर्ज न देता परत या किंवा स्पीड पोस्टानं पाठवून पोच घ्या. “ठेवून जा, साहेब आले की देतो” यावर सोडू नका.

पोर्टलवरही तक्रार टाका, हेल्प डेस्कमध्ये. 155261 या मदत क्रमांकावर फोन लावून द्या. तिथं काय सांगितलं ते त्याच पानावर तारखेसह लिहून ठेवा. दोन्हीकडे लिहिलेलं असलं की एकीकडे हललं नाही तर दुसरीकडून विचारणा येते.

महिनाभरात काही नाही झालं तर लोकशाही दिन. तालुक्याला तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. आधी तालुका, तिथं सुटलं नाही तर जिल्हा. जिल्ह्याच्या लोकशाही दिनासाठी अर्ज 15 दिवस आधी, दोन प्रतींत द्यावा लागतो. माणसाला तिथं एकटं पाठवू नका. कलेक्टर समोर बसलेले पाहून आपली माणसं दबून जातात आणि “बाकी सब बराबर हाय साहेब” म्हणून बाहेर येतात. आदल्या दिवशी त्याच्याकडून दोन वाक्यं घोकून घ्या: शेवटचा हप्ता कधी आला, आणि अर्ज कधी दिला.

त्याहून पुढं माहितीचा अधिकार. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत, एकच विषय. ‘माझे पैसे का आले नाहीत’ असं विचारू नका. ‘माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कारवाईच्या नोंदीची प्रत द्यावी’ असं मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, कार्डाची प्रत जोडा. बऱ्याचदा उत्तर यायच्या आधीच काम होतं. केंद्राच्या योजनेसाठी सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवरही तक्रार टाकता येते. तिथं 21 दिवसांत निकाली काढायचा दंडक आहे.

पेन्शनच्या तक्रारी

किसान मानधनचं कार्ड हातात घेऊन सत्तरीचे आजोबा येतात तेव्हा फार वाईट वाटतं. कार्ड पोराचं असतं. ही योजना 2019मध्ये सुरू झाली, 18 ते 40 वयाच्या, दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांसाठी. वयानुसार महिन्याला 55 ते 200 रुपये आपण भरायचे, तेवढेच केंद्र भरतं, आणि साठ पूर्ण झाल्यावर महिना 3,000. 2019ला चाळिशीत असलेला माणूस 2039ला साठीचा होणार. म्हणजे आज कुणालाच ती पेन्शन सुरू झालेली नाही. हे सांगा आणि आजोबांना त्यांच्या हक्काच्या योजनेकडे वळवा.

मानधनची दुसरी तक्रार: “मी काई सही केली नाई, तरी कापले.” नोंदणीच्या वेळी हप्त्यातून किंवा खात्यातून वर्गणी कापायची संमती घेतलेली असते. ती संमती कशी घेतली गेली हे आता शोधत बसण्यापेक्षा, त्याला चालू ठेवायचंय की बाहेर पडायचंय हे शांतपणे विचारा. दहा वर्षांच्या आत बाहेर पडलं तर त्यानं भरलेली रक्कम बचत खात्याच्या व्याजासह परत मिळते. त्याचा मृत्यू पेन्शन सुरू झाल्यावर झाला तर बायकोला निम्मी, म्हणजे 1,500. हे ऐकून बरेच जण चालू ठेवतात.

65च्या पुढच्या, वार्षिक उत्पन्न 21,000च्या आतल्या म्हाताऱ्यांसाठी श्रावणबाळ, आणि 65च्या आतल्या विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, निराधारांसाठी संजय गांधी निराधार. हे काम तहसीलच्या संजय गांधी शाखेत. जुलै 2023पासून महिना 1,500, दिव्यांगांना मात्र 2025च्या निर्णयानं 2,500. हे पैसे थांबले असतील तर दोन प्रश्न: हयातीचा दाखला दिला का, आणि आधार कोणत्या बँकेला लागलंय. हयातीचा दाखला दर वर्षी लागतो, वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो देऊन मोकळं व्हावं. कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर पटवाऱ्यांना घरी यायची विनंती लेखी करा. खाटेवरून उचलून ऑटोत घालून तहसीलला आणलेली माणसं मी पाहिली आहेत. ते टाळणं आपल्या हातात आहे.

वयाचा घोळ इथं नेहमीचा. आधार काढताना अंदाजानं वय सांगितलं, म्हणून जन्मतारीख 1 जानेवारी, आणि वय चार-पाच वर्षांनी कमी. सदुसष्टची बाई आधारवर बासष्टची. शाळेत गेली असेल तर शाळेच्या दाखल्यावरून आधार दुरुस्त करा. नसेल तर सरकारी दवाखान्यातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा वयाचा दाखला घ्या. जन्मतारीख आधारवर एकदाच सहज बदलता येते, म्हणून सगळे कागद हातात आल्याशिवाय दुरुस्तीला जाऊ नका. ती विधवा असेल तर वयाची वाट पाहायची गरजच नाही, आजच संजय गांधीत अर्ज करा.

अतिवृष्टी, विमा, आणि अंगठा घेणारे

अतिवृष्टीच्या मदतीत व्हीके नंबरची, म्हणजे प्रत्येक लाभार्थ्याला दिलेल्या विशिष्ट क्रमांकाची, यादी आली का ते पटवाऱ्यांकडे बघा आणि आधार प्रमाणीकरण करून द्या. शेतकऱ्याकडून याचे पैसे घ्यायचे नसतात. पीक विम्याची चौकशी 14447वर. मदत आणि विमा एकच समजून लोक चुकीच्या ठिकाणी भांडतात, एवढं वेगळं करून सांगा.

व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावानं एपीके फाइल, म्हणजे मोबाईलमध्ये खोटं ॲप बसवणारी फाइल फिरते. ती उघडली की खातं रिकामं. पैसे गेले असतील तर त्याच तासात 1930वर फोन. आणि आपल्यासाठी: कुणाचा ओटीपी, कुणाचा पिन कधी वहीत लिहू नका, नोंदणीत आपला मोबाईल नंबर कधी टाकू नका. पूर्वी काही केंद्रचालकांनी असे नंबर टाकले, त्यांच्या खातेदारांना आजही ओटीपीसाठी त्या माणसाला शोधत फिरावं लागतं.

घरचा कर्ता गेला असेल तर

हे काम तेराव्याची वाट न पाहता सुरू करा, पण घरच्या बाईला केंद्रावर बोलावू नका. आपण जा. मृत्यूचा दाखला आधी. मग वारस नोंद. पटवाऱ्यांकडे अर्ज दिल्यावर हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस लागते, म्हणून उशीर तितका तोटा. 2025मध्ये बुलढाण्यापासून सुरू होऊन राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम झाली, तरी मयत बापाच्या नावानं चालणारे सातबारे अजून सापडतात.

मयताच्या खात्यात येत राहिलेले हप्ते काढू नका असं घरच्यांना सांगा, ते नंतर वसूल होतात. फेरफार झाला की बाईच्या नावानं पीएम किसानची नवी नोंदणी होते, वारसाला 2019ची अट लागत नाही. ती 65च्या आत असेल तर संजय गांधीचा अर्ज भरा. दारिद्र्यरेषेखालचं घर असेल आणि गेलेला माणूस 18 ते 59 वयाचा असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभाचे 20,000 आहेत.

साप चावून, वीज पडून किंवा विहिरीत पडून मृत्यू असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून 2 लाख मिळतात. त्याचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे 30 दिवसांत जायला हवा. त्यासाठी पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. म्हणून गावात साप चावून कुणी गेल्याचं कळलं की प्रेत स्मशानात नेण्याआधी घरच्यांशी बोला. दुःखात लोक सरळ स्मशानात नेतात आणि मग शवविच्छेदन होत नाही. आत्महत्येच्या घरात जिल्हा समितीनं प्रकरण पात्र ठरवलं तर 1 लाखाची मदत असते, त्यातले 30,000 हातात आणि 70,000 ठेवीत. पंचनाम्याच्या वेळी कर्जाचे कागद, सोसायटीची बाकी, बँकेची नोटीस एका पिशवीत घालून पटवाऱ्यांच्या हाती द्या, आणि जे दिलं त्या प्रत्येक कागदाची यादी करून तिच्यावर त्यांची सही घ्या.